विद्यार्थी भवन (भाग सातवा): आधी एसटीचं वेळापत्रक

या आठवड्यात सभागृहाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. व्यासपीठाची उंची, खुर्च्यांच्या रांगा, आवाज घुमू नये म्हणून छताला काय करायचं, सगळं टिपून ठेवलंय. पण मोताळा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं, ‘निवडणुकाच होत नाहीत, मग विद्यार्थी परिषदेला इमारत हवी कशाला?’ प्रश्न खोचक आहे आणि रास्तही. सभागृह थांबेल.

वाचकाचं म्हणणं खरं आहे. 1989 साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. पुढे 1994च्या कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमणं सुरू झालं. 2016च्या विद्यापीठ कायद्याने, त्याच्या कलम 99ने, निवडणूक पुन्हा आणली. 2019 साली ती जाहीरही झाली आणि विधानसभेच्या निवडणुकीचं कारण सांगून पुढे ढकलली गेली. पण समजा उद्या झालीच, तरी निवडून येणार कोण? वर्गप्रतिनिधी सोडले तर अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि आरक्षित प्रवर्गाचा एक प्रतिनिधी. चौघांना एक खोली, एक टेबल आणि कुलूप लागणारं एक कपाट पुरे. त्यासाठी भवन कुणीच बांधू नये.

भवन लागतं ते बाकीच्यांना. आणि बुलढाण्यात हे बाकीचे म्हणजे बव्हंशी एसटीने येणारी पोरं.

गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची चर्चा शंभर वर्षांहून जुनी आहे, गाडी अजून यायची आहे. त्यामुळे मोताळ्याकडून राजूर घाट चढून, इकडे चिखलीहून, तिकडे धाडहून येणारा विद्यार्थी पासावर येतो आणि पासावरच परततो. वर्ग दुपारी सुटतात, गावाकडची फेरी चारला नाही तर पाचला. मधले ते तीन-चार तास कुणाच्याच नकाशात नसतात. मुलं चहाच्या टपरीवर बसतात. मुली बसस्थानकावर, डबा मांडीवर ठेवून. पावसाळ्यात तर जिथे पत्रा असेल तिथे.

अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठाने 1896 साली ह्यूस्टन हॉल उघडला. विद्यार्थी भवनांत तो तिथला पहिला मानला जातो. त्यात बिलियर्ड्स होतं, पोहण्याचा तलावसुद्धा होता. आपले आराखडे काढणारे बरेचदा असल्या इमारतींची छायाचित्रं समोर ठेवतात आणि तळमजल्यावर मोठं दालन, वर ‘मनोरंजन कक्ष’ काढून मोकळे होतात. दालनाला कुलूप, किल्ली शिपायाकडे. शिपाई जेवायला गेलेला.

माझं मत सरळ आहे. वास्तुविशारदाने पहिली भेट प्राचार्यांना देऊ नये, आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला द्यावी. कोणत्या दिशेच्या किती फेऱ्या, वर्ग सुटल्यावर पहिली गाडी कधी, शेवटची कधी, हे कागदावर आलं की एका वेळी किती जण थांबतात ते कळतं. समजा दोनशे. भोजनगृहासारख्या जागेला माणशी दीड चौरस मीटर धरू. म्हणजे तीनशे चौरस मीटर, सव्वातीन हजार चौरस फुटांच्या आसपास. एवढी जागा बंद दालनात घालण्यापेक्षा उत्तरेला आणि पूर्वेला रुंद ओसरी काढा. दुपारचं ऊन पश्चिमेचं, पावसाची झड नैर्ऋत्येची, त्या बाजूला स्वच्छतागृहं आणि जिना टाका. मुलींच्या स्वच्छतागृहाची वाट कार्यालयातून जाऊ देऊ नका. ओसरीला भिंतीलगत दगडी बाक, डबा खाऊन हात धुवायला नळ, मोबाइल चार्ज करायला जागा. ओसरीला कुलूप लावता येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

आपलं अमरावती विद्यापीठ ज्यांच्या नावाचं, त्या गाडगेबाबांनी देवळं बांधली नाहीत. पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला रात्र काढायला छप्पर, पाणी आणि स्वच्छता, एवढाच त्यांचा आराखडा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, शिकणाऱ्या मुलांसाठी. विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांत विद्यार्थी भवनाला नमुना हवाच असेल, तर तो घरचाच आहे.

परिषदेची खोली? ती याच ओसरीच्या टोकाला, दार ओसरीत उघडणारी. प्रतिनिधी कामावर आहे की नाही, हे गाडीची वाट पाहणाऱ्या दोनशे जणांना दिसलं पाहिजे. निवडणूक न होताही ही खोली चालेल. निवडणूक झाली तर जास्त चालेल.

सभागृह पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर एक काम करा: तुमचा वर्ग किती वाजता सुटतो, गावची गाडी किती वाजता लागते आणि मधला वेळ तुम्ही कुठे बसता, एवढं पोस्टकार्डावर कळवा. गावाचं नाव लिहायला विसरू नका.