धावून झाल्यावर येणारा खोकला

भोकरदन तालुक्यातलं धावडा. हिवाळ्यात पहाटेच भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. त्यातला एखादा सतरा वर्षांचा पोरगा डोळ्यासमोर आणा. पळताना तो सगळ्यांच्या पुढे. थांबला, की पाच-दहा मिनिटांत गुडघ्यांवर हात टेकून खोकायला लागतो. श्वास सोडताना बारीक शीळ वाजते. आई म्हणते, "लहानपणी बाळदमा होता त्याला. दहाव्या वर्षी गेला. आता पंपबिंप काही लागत नाही."

आई खरंच सांगते. वयाबरोबर श्वासनळ्या रुंद होतात, त्यामुळे थोड्याशा आवळण्याने पूर्वीसारखी घरघर होत नाही. पण नळीभोवतीचा स्नायू हळवाच राहू शकतो. दमा गेलेल्या तरुणांच्या श्वासनळीच्या अस्तराचा कणभर तुकडा नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तपासला, तेव्हा ॲलर्जीच्या इओसिनोफिल पेशी आणि अस्तराखालचा जाडावलेला थर तिथे होताच.

एरवी नाक हवा ऊबदार आणि ओलसर करून आत सोडतं. जोरात पळताना तोंड उघडतं आणि पहाटेची कोरडी गार हवा थेट छातीत जाते. अस्तरावरचा ओलावा उडतो, उरलेलं पाणी जास्त खारट होतं, त्याने डिवचलेल्या पेशी हिस्टामाइन आणि ल्युकोट्राइन सोडतात. मग स्नायू आवळतो. हे सगळं व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणूनच त्रास बहुधा थांबल्यावर वाढतो. मका मळतानाचा भुसा, चुलीतल्या पऱ्हाट्यांचा धूर, साधी सर्दी, यांनीही हीच नळी चिडते.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या ६१३ जणांची नोंद पाहिली, तर ७६ जणांची थांबलेली घरघर सव्विसाव्या वर्षापर्यंत परत उलटली होती. तपासणीत ज्यांच्या नळ्या हळव्या निघाल्या, त्यांच्यात हे अधिक.

अशा पोराला "दम कमी पडतो, अजून पळ" म्हणून रेटणं मला फार चुकीचं वाटतं. बसल्या जागी फुंकण्याची तपासणी अनेकदा चांगलीच येते. त्यामुळे डॉक्टरांना बाळदम्याचं आवर्जून सांगावं. ते सहा ते आठ मिनिटं जोरात पळवून पुन्हा पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा जास्त घटली, तर निदान पक्कं होत जातं. मग पळण्याआधी घ्यायचा पंप, गरज असेल तर रोजचा सूज कमी करणारा पंप, आणि गार पहाटे नाका-तोंडावर रुमाल. एवढी सोय झाली, की बहुतेक पोरं १६०० मीटर पळू शकतात.