जमिनीतल्या टाकीला नवं अस्तर

घराला रंग कधी दिला, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. साल-महिन्यासकट सांगेल. पण अंगणातल्या किंवा जिन्याखालच्या जमिनीतल्या टाकीला आतून शेवटचा हात कधी फिरला, असं विचारलं, तर बहुतेक जणी विचारात पडतील. झाकण बंद, पाणी येतंय, मोटार चालतेय, मग कोण कशाला डोकावतंय आत?

आणि नेमका तिथेच घात होतो. ज्या भेगेतून टाकीतलं पाणी बाहेर जातं, त्याच भेगेतून बाहेरचं पाणी आतही येतं. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते तेव्हा आपलं पाणी मुरतं, नुकसान होतं ते पैशाचं. पावसाळ्यात जमीन पाण्याने फुगते, टाकी अर्धी रिकामी असते; तेव्हा गटाराचं, संडासाच्या टाकीचं झिरपलेलं पाणी आपल्या पिण्याच्या पाण्यात उतरतं. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे सगळे पाहुणे याच वाटेने येतात. त्यातली ई प्रकारची कावीळ तर गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा टाकीचं अस्तर हा नुसता गवंडीकामाचा विषय नाही, मैत्रिणींनो. तो आपल्या स्वयंपाकघराचा विषय आहे.

गळते की नाही, घरीच पाहा

यासाठी कुणाला बोलवायला नको. रात्री सगळ्यांची कामं आटोपली की नळाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मोटारीचं बटण बंद ठेवा. वरूनच एक सरळ, कोरडा, स्वच्छ बांबू टाकीच्या तळापर्यंत उभा सोडा, बाहेर काढा आणि ओल जिथवर आली तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बांबू सोडा. मधल्या वेळात पाणी ना भरायचं ना उपसायचं.

खूण जागच्या जागी असेल तर टाकी ठीक. पाणी एक इंच उतरलं असेल तर हिशेब करा. सहा फूट लांब, पाच फूट रुंद अशा टाकीत एक इंच म्हणजे सुमारे ७० लिटर, चार-पाच मोठ्या बादल्या. तेही रोज! महिन्याला २,१०० लिटर झाले. हीच टाकी पाच फूट खोल असेल तर अर्धी टाकी दर महिन्याला जमिनीला पाजली, असं समजा.

पाणी उतरत उतरत एका जागी येऊन थांबलं, तर भेग साधारण त्याच उंचीवर आहे. ती खूण गवंड्याला दाखवा, त्याचं निम्मं काम होईल. आणि सगळं बंद असताना पाणी चढलेलं दिसलं तर? तर मुळीच वाट पाहू नका. व्हॉल्व्ह खरोखर घट्ट बंद होतो ना, ते प्लंबरकडून पाहून घ्या आणि दोष सापडेपर्यंत त्या टाकीतलं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, भांडी विसळायला वापरू नका.

काम कधी काढावं?

माघ-फाल्गुन, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, हा चांगला काळ. जमीन वाळलेली असते आणि पाणीटंचाईही अजून कडक झालेली नसते. भर पावसाळ्यात टाकी पूर्ण उपसू नये. बाहेरच्या पाण्याचा दाब रिकाम्या टाकीवर येतो. तळ उचलला जाऊन तडा जाऊ शकतो आणि नवा गिलावाही ओल्या भिंतीला धरत नाही.

दहा-पंधरा दिवस टाकी बंद राहील, हे धरून चाला. घरात लग्न, बाळंतपण, परीक्षा असेल तर पुढे ढकला. झाकणाचे दोन पिंप आणून ठेवा. मात्र मोटार थेट नगरपालिकेच्या नळाला जोडण्याचा मोह नको. नियमाने ते चालत नाहीच, शिवाय त्या ओढीने रस्त्यातल्या फुटक्या जोडांतून घाण आत येते आणि सगळ्या गल्लीला भोवते. असलेलं पाणी फेकू नका. चादरी, पडदे, गोधड्या धुवायला तेच आठ दिवस ठरवा, टाकी आपोआप रिकामी होईल.

आत उतरणाऱ्याचा जीव

ही गोष्ट सगळ्यांत आधी घरच्यांना आणि गवंड्यालाही सांगा. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि तो वासाने कळत नाही. झाकण आदल्या दिवसापासून उघडं ठेवा (जाळी लावून आणि मुलांना दूर ठेवून, बरं का!), उतरण्याआधी पंख्याने हवा खेळती करा. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप टाकीत किंवा तोंडाशी चालवू देऊ नका. त्याच्या धुराने माणूस आवाजही न करता कोसळतो. पाण्यातली मोटार आधी वर काढून घ्या, आत विजेचा उघडा दिवा सोडू नका, बॅटरी वापरा. आत एक असेल तेव्हा वर एक माणूस हवाच. आणि आतला बेशुद्ध झाला तर वरच्याने उडी घ्यायची नाही. असे एकामागून एक जीव गेले आहेत. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ फिरवा आणि वरून हवा सोडत राहा.

गवंड्याकडून काय काय करून घ्यावं

पहिली पायरी म्हणजे खरवडणं. तळाचा गाळ काढून, भिंती ब्रशने घासून घ्या. मग थापीच्या दांड्याने सगळीकडे टकटक वाजवून पाहायला सांगा. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे गिलाव्याने भिंत सोडलेली असते. तेवढा भाग पूर्ण फोडलाच पाहिजे. वरून नुसता सिमेंटचा हात मारून देणारा गवंडी स्वस्त पडतो, पण त्याचं काम पहिल्या पावसाबरोबर निघतं. पोलक्याचं विरलेलं अस्तर तसंच ठेवून आपण वरून ठिगळ लावतो का? तसंच हे.

दुसरी पायरी भेगांची. भेग थोडी रुंद खणून, धुऊन, मग भरायची. पाइप भिंतीतून जिथे आत येतो ती जागा विशेष पाहा. बहुतेक गळती तिथूनच असते. तळ आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता गोलाई द्यायला सांगा. तडा जाण्याची भीती कमी आणि उद्या घासायलाही सोपं.

तिसरी पायरी गिलावा. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू, आणि पाणीरोधक पावडर किंवा द्रव पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. ‘टाकू अंदाजाने’ चालायचं नाही. गिलावा दोन थरांत घ्यावा. पहिला खरखरीत, दुसरा घोटून गुळगुळीत. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यातच पाणी ओतून पुन्हा कालवला तर त्यात जोर राहत नाही. नंतर निदान सात दिवस गिलावा ओला राहिला पाहिजे. हे काम गवंडी विसरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याची आठवण आपण ठेवावी.

वरून लेप द्यायचा असेल तर द्रव आणि पावडर मिसळून करायचे सिमेंटचे लेप मिळतात. डब्यावर ‘पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी योग्य’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या. डांबर किंवा तेलरंग आत नको. पांढऱ्या टाइल्स बसवल्या तर घाण चटकन दिसते, हा फायदा खरा. पण टाइल गळती थांबवत नाही, जोडांतून पाणी जातंच. आधी गळती बंद, मग टाइल. अमेरिकेत अंगणातल्या पोहण्याच्या तलावांना विनाइलचं अखंड अस्तर घालतात आणि साधारण दहा वर्षांनी ते बदलतात. आपल्याकडे शेततळ्यांनाही प्लॅस्टिक घालतात. ते पाहून कुणी तसला कागद पिण्याच्या टाकीत अंथरायला सुचवलं तर नाही म्हणा. तो पिण्याच्या पाण्यासाठी केलेला नसतो.

भरण्याआधी आणि भरल्यावर

पहिलं पाणी भरून एक दिवस ठेवा आणि बांबूची परीक्षा पुन्हा घ्या. कोरडा गिलावा थोडं पाणी पितो, म्हणून पहिल्या दिवशी किंचित उतरलं तर घाबरू नका; दुसऱ्या दिवशी मात्र खूण हलायला नको. गवंड्याचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यावा! हे पाणी सिमेंटचं असतं, ते पिऊ नये. फरशा धुवायला वापरा.

मग निर्जंतुक करा. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा आणि त्याला २८ ने गुणा, म्हणजे लिटर आले. आपल्या सहा-पाच-पाचच्या टाकीत ४,२०० लिटर. दर १,००० लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे एकूण ८४० ग्रॅम. ती प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी वरूनच टाकीत ओतावी. टाकी भरून २४ तास ठेवावी. हे पाणी कुणी पिऊ नये, झाडांनाही घालू नये. सोडून द्यावं आणि टाकी एकदा विसळावी. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं औषध कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पुढे पिण्याच्या पाण्याला एरवी दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम पावडर आणि अर्धा तास थांबणं पुरतं.

आता राहिलं झाकण. ते जमिनीच्या बरोबरीने नको, वीतभर उंच कठड्यावर हवं, म्हणजे अंगण धुतलेलं पाणी आत जात नाही. त्याला कुलूप लावा, घरात लहान मुलं असतील तर विचारूच नका. हवेच्या आणि सांडव्याच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि त्याची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, भिंती घासाव्याच लागतात.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, टाकी धुण्याचा दिवस ठरवा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला तेलरंगाने तारीख लिहून ठेवा. येता-जाता सगळ्यांच्या नजरेला पडेल आणि पुढच्या वेळी ‘अगं, मागच्याच वर्षी तर धुतली होती’ असं कुणाला म्हणता येणार नाही.