लायसन की कुठे ठेवली होती?

ऑगस्ट 1984मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं, तेव्हा सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण अभियंत्यांपुढे 36 महिने आणि 36 कोटी रुपये एवढाच हिशेब होता. त्यातून 128 पोर्टांचं ऑफिस एक्स्चेंज आलं, पाठोपाठ ग्रामीण एक्स्चेंज. पहिलं ग्रामीण एक्स्चेंज 1986च्या जुलैत कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं. एसी नसलेल्या खोलीतही ते चालावं, अशीच त्याची घडण होती. मे महिन्यात पारा 47च्या घरात नेणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्याला याहून सोयीचं काय हवं! ही यंत्रंही बिघडत, पण बिघाड हाताला लागायचा: कार्ड जळालं, केबलमध्ये पाणी शिरलं, वीज कोसळली. परवाना लागायचा तो कारखानदाराला. सी-डॉटने आपलं तंत्रज्ञान उत्पादकांना परवान्यावर दिलं होतं. ऑफिसच्या टेलिफोन-खोलीत मात्र लायसन नावाची वस्तूच नव्हती.

ती आली सॉफ्टवेअरच्या मागोमाग. 2000नंतरच्या ईपीबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसमधल्या अंतर्गत एक्स्चेंजच्या, डब्यात व्हॉइसमेल, आयपी फोन, जादा लाइनी अशी पुष्कळशी सोय आधीच भरलेली असे. पैसे मोजले की ‘की’ मिळायची आणि तेवढा कप्पा उघडायचा. विकणाऱ्याला सोयीचं होतं, एकच डबा दहा भावांनी विकता येई. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्याला मात्र नवा ताप झाला, कारण ही की त्या एकाच यंत्राच्या अनुक्रमांकाला बांधलेली असे.

अवाया कंपनीच्या ‘आयपी ऑफिस’ या एक्स्चेंजमध्ये हा प्रवास नीट दिसतो. सुरुवातीला लायसन एका डोंगलशी जोडलेलं होतं. पुढे आयपी 500च्या दुसऱ्या आवृत्तीत डोंगलची जागा एसडी कार्डाने घेतली. एकेक की अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ; लहान-मोठं अक्षर चुकलं की यंत्र हात वर करतं. ‘की टाकली तरी घेत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा फोनवर सांगून उतरवून घेतलेल्या कीची असायची. स्क्रीनवर लायसनपुढे जो शेरा उमटतो, तो वाचला तर अर्धं काम होतं. ‘इनव्हॅलिड’ असेल तर की या कार्डाची नाही. ‘डॉर्मंट’ असेल तर की खरी आहे, पण तिला आधार देणारं दुसरं लायसन नाही. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे नव्या सॉफ्टवेअरला त्या कीची गरजच उरलेली नाही. तिथे रडण्यात अर्थ नसतो. घाईत सगळ्या कीज पुसून पुन्हा टाकायला बसणारे तंत्रज्ञ हे शेरेच आधी पुसून टाकतात.

पॅनासॉनिकच्या एनएस मालिकेतल्या एक्स्चेंजमध्ये हीच गाठ मुख्य बोर्डाच्या क्रमांकाला होती. 60 दिवसांची चाचणी मुदत मिळायची, त्यामुळे बसवणी थाटात पार पडे आणि साठ दिवसांनी की नसलेले फोन मुके होत. तोवर डीलरचं बिल चुकतं झालेलं असे. बोर्ड जळाला की जुन्या कीज बाद; नव्या मागवताना जुना कागद दाखवावा लागे, आणि तो खरेदीच्या फाइलमध्ये क्वचितच सापडे.

मोफत मानल्या जाणाऱ्या अ‍ॅस्टेरिस्क या एक्स्चेंज-सॉफ्टवेअरलाही हे चुकलं नाही. 1999मध्ये मार्क स्पेन्सरने सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर खुलं होतं, पण आवाज दाबून पाठवणाऱ्या जी.729 या कोडेकवर पेटंटं होती. त्यासाठी डिजियम कंपनी देत असलेलं लायसन नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून यंत्र ओळखायचं. कार्ड बदललं की लायसन गेलं. 2017च्या 1 जानेवारीपासून ती पेटंटं संपली आणि तो कटकटीचा भाग आपोआप मिटला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीसारख्या ठिकाणी या सगळ्याला अंतराचं परिमाण मिळतं. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत जंगलातून येणारा रस्ता. पुढे वैनगंगा ओलांडली की आष्टी आणि गडचिरोली जिल्हा. तंत्रज्ञ पिशवीत नवा बोर्ड घालून आणू शकतो. त्या बोर्डाचा क्रमांक आधी कंपनीला कळवला नसेल, तर की मात्र जागेवर इंटरनेट मिळालं तरच उतरते. या पट्ट्यात ते मिळणं गृहीत धरता येत नव्हतं. नक्षलग्रस्त भागांसाठी 2014मध्ये मंजूर झालेले मोबाइल टॉवर 2जीचे होते. देशभरातल्या अशा 2,343 ठिकाणी 4जी आणायला केंद्राने मंजुरी दिली ती एप्रिल 2022मध्ये.

त्याच वर्षी अमेरिकेत एक खटला उभा राहिला. अवायाच्याच ग्राहकसेवेतल्या एका कर्मचाऱ्याने आपल्या अधिकाराचा वापर करून आयपी ऑफिसच्या हजारो कीज काढल्या, त्या विकल्या. त्यांची किरकोळ बाजारातली किंमत सरकारी वकिलांनी 8.8 कोटी डॉलरपेक्षा जास्त लावली. त्याने 2023मध्ये गुन्हा कबूल केला. अशा कीज यंत्राला खऱ्याच वाटत, म्हणून घेणाऱ्याला संशय येण्याचं कारण नव्हतं. 2016च्या दहाव्या आवृत्तीपासून अवायाने जुन्या कीजचा मार्गच बंद केला होता आणि एक्सएमएल फाइल देणारी, कंपनीच्या खात्यातून चालणारी पद्धत आणली होती. त्या फाइलमधलं एक अक्षर जरी हाताने बदललं, तरी ती निकामी होते. म्हणून आता तंत्रज्ञ आल्या आल्या विचारतात: ते खातं कोणाच्या ई-मेलवर उघडलंय? आणि बऱ्याचदा तो ई-मेल निघतो, केव्हाच दुकान बंद करून गेलेल्या डीलरचा.