परवाना न लागणारी गाडी

विजेवर चालणारी दुचाकी पाहण्यासाठी बालाघाटच्या बाजारात गेलात, तर किमतीच्या आधी एक गोष्ट बहुधा तुमच्या कानावर येईल : "हिला लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही, विमा लागत नाही. घ्या नि चालवा." मुलाच्या शाळेची किंवा मुलीच्या कॉलेजची चिंता घेऊन आलेल्या पित्याला हे ऐकून हायसे वाटते. परंतु हे वाक्य काही गाड्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे आणि काहींच्या बाबतीत साफ खोटे आहे. दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच दुकानात शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि दोहोंनाही लोक 'ई-बाईक'च म्हणतात. घोटाळ्याचे मूळ या एका नावात आहे.

कायदा नावाकडे पाहत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा, आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. या नियमांपैकी दुसऱ्या नियमात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिली असून तिला एक अपवाद जोडलेला आहे. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी असेल, आणि गाडीचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती गाडी 'मोटार वाहन' मानली जाणार नाही. मोटार वाहन नव्हे, म्हणून परवाना नाही, नोंदणी नाही, सक्तीचा विमाही नाही. दुकानदाराच्या वाक्याला आधार आहे तो एवढाच.

'तीस मिनिटांची शक्ती' हा शब्दप्रयोग जरा समजून घेण्यासारखा आहे. चढावर मोटार क्षणभर जो जोर लावते, तो येथे मोजावयाचा नाही. अर्धा तास सतत जो जोर ती टिकवून धरू शकते, तो मोजावयाचा. २५० वॉट म्हणजे एका अश्वशक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा. सशक्त माणूस सायकल चालवताना आपल्या पायांनी सतत शंभर ते दीडशे वॉट शक्ती देऊ शकतो. म्हणजे कायद्याने सूट दिलेली मोटार फार तर दोन धडधाकट माणसांच्या पायांइतकी आहे. ही सूट काय हेतूने दिली असावी, हे या हिशेबावरून ध्यानात येते. जी गाडी सायकलीच्याच तोलाची आहे, तिला सायकलीसारखे वागवावे, इतकेच.

पायडल मारावयाच्या विजेच्या सायकलीसाठी त्याच अपवादात निराळी अट आहे. तिची मोटारही २५० वॉटच्या आतली हवी. वेग वाढेल तसतशी मोटारीची मदत कमी होत गेली पाहिजे, ताशी २५ किलोमीटरला ती पूर्ण थांबली पाहिजे, आणि चालवणाऱ्याने पायडल मारणे सोडले तर त्याआधीच थांबली पाहिजे. शिवाय योग्य ब्रेक हवेत, आणि प्रकाश पडताच चमकणारे दोन परावर्तक हवेत : पुढे पांढरा, मागे तांबडा. पूर्वी पुष्कळ शहरांत सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला नि रात्री दिवा नसला, की पोलीस अडवीत असत. दिव्याची ती शिस्त आज विस्मरणात गेली आहे. परावर्तकाच्या या कलमात तिची थोडी आठवण उरली आहे म्हणावयाचे.

अपवादातील एक शब्द मात्र गिऱ्हाईक हटकून विसरतो. या अटी पाळल्या गेल्याची खात्री सरकारमान्य तपासणी संस्थेने करून दिलेली असली पाहिजे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक. तेव्हा खोक्यावर '२५० वॉट' असे छापले म्हणजे काम भागत नाही. ज्या मॉडेलची गाडी आपण घेत आहोत, नेमक्या त्याच मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत दुकानदाराकडून मागून घ्यावी, आणि पावतीवर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. प्रत देण्यास जो खळखळ करतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

या मर्यादेपलीकडची प्रत्येक विजेची दुचाकी कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकलच होय. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलची टाकी नाही, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. तिला नोंदणी हवी, हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा क्रमांक हवा, चालवणाऱ्याला परवाना हवा, निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा हवा, आणि डोक्यावर हेल्मेट हवे. हेल्मेटची सक्ती मागे बसणाऱ्यालाही आहे.  विजेच्या गाडीचे नोंदणीशुल्क केंद्र सरकारने २०२१ साली माफ केले. परंतु शुल्क माफ झाले याचा अर्थ नोंदणी माफ झाली, असा लावणारी माणसे मला भेटली आहेत!

आता वयाचा प्रश्न. शिक्षकाच्या नजरेला तो रोज शाळेच्या फाटकापाशीच पडतो. मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये सरकारी उच्च माध्यमिक शाळांतून बारावीला पहिल्या येणाऱ्यांना स्कूटर देण्यास आरंभ केला. विजेची स्कूटर निवडली तर १,२०,००० रुपयांपर्यंत आणि पेट्रोलची निवडली तर ९०,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरले. योजना स्तुत्य आहे. पण बारावी उत्तीर्ण होणारी पुष्कळ मुले सतरा वर्षांची असतात, आणि परवान्याचे वय अठरा आहे. सोळाव्या वर्षापासूनची जी सवलत आहे, ती ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनासाठी लिहिलेली आहे, आणि विजेच्या मोटारीला घनसेंटिमीटर नसतात. त्या सवलतीच्या भरवशावर मुलाच्या हाती वेगवान गाडी देण्याआधी जिल्हा परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. बक्षिसाची गाडी सहा महिने घरात उभी राहिली तर काही बिघडत नाही.

बिघडते ते दुसऱ्या बाजूने. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९-क हे कलम आले. त्यान्वये अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्यास पालकाला वाव आहे. परंतु ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच आहे. रोज सकाळी किल्ली स्वतःच्या हाताने देणाऱ्याने ते कसे सिद्ध करावे?

याहून फसवी गोष्ट म्हणजे वेग 'खोलून' देण्याची. सुटीत बसणाऱ्या गाडीच्या यंत्रणेत वेगाला बांध घातलेला असतो. थोड्या पैशांत कोणी कारागीर तो बांध काढून देतो, आणि गाडी ताशी ४५ किलोमीटरने धावू लागते. त्याच क्षणी ती सायकलीच्या वर्गातून उठून मोटारसायकलीच्या वर्गात जाऊन बसते, आणि तीही नोंदणी नसलेली, विमा नसलेली. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांविरुद्ध तपासणीची मोहीम काढली होती. केंद्रीय कायद्यात वाहनात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. दंड तर आहेच, परंतु पदार्थविज्ञान त्याहून कठोर आहे. वेग २५ वरून ४५ वर गेला, म्हणजे दुपटीहून कमी वाढला. पण धडकेतील ऊर्जा तिपटीहून अधिक वाढते, आणि थांबण्यासाठी ब्रेकला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. त्या गाडीची चौकट, टायर नि ब्रेक मात्र २५ च्याच हिशेबाने केलेले असतात.

अपघात झाला तर काय, हे कोणी विचारीत नाही. नोंदलेल्या, विमा उतरवलेल्या गाडीने कोणी जखमी झाला, तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो आणि भरपाई बहुधा विमा कंपनी देते. विमा नसेल, तर तीच रक्कम मालकाच्या घरादारातून वसूल होते. उलट खरोखरीच सुटीत बसणाऱ्या गाडीने एखाद्या म्हातारीला पाडले, तर न्यायाधिकरणाचे दारच बंद. तिला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागेल. ही उणीव मला खटकते. दुबळ्याला लांबचा रस्ता दाखवणारी सोय पुरती सोय म्हणता येत नाही. फौजदारी कायदा मात्र अशा गाडीलाही सोडीत नाही. भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवण्यास लागू पडते, मग ते मोटार वाहन असो वा नसो.

आपल्या जिल्ह्यातील मंडळी खरेदीला बाघ नदीपलीकडे गोंदियास जातात. त्याविषयी दोन शब्द. सुटीचा नियम केंद्राचा असल्याने तो दोन्ही तीरांवर एकच आहे. मोटार वाहनाच्या वर्गातली गाडी घेतली, तर ती एमएच-३५ ची पाटी लावून वर्षानुवर्षे येथे चालवता येत नाही. परराज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे राहिले, की येथला, म्हणजे एमपी-५० चा क्रमांक घ्यावा लागतो. घरी येथेच राहावयाचे असेल, तर आरंभीच येथली नोंदणी करून घेतलेली बरी.

राहता राहिली बॅटरी. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला, आणि त्याच सुमारास तामिळनाडूत वेल्लूर येथे घरी चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या आगीत बाप नि लेक दगावले. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक करण्यात आले, आणि ते २०२२ च्या डिसेंबरपासून दोन टप्प्यांनी अमलात आले. ते लिहिले आहेत मोटार वाहनांच्या वर्गासाठी. सुटीतली गाडी घेणाऱ्याने म्हणूनच बॅटरीच्या तपासणीचा कागद वेगळा मागावा, दुसऱ्या बनावटीचा चार्जर लावू नये, आणि रात्री घरातली माणसे झोपलेली असताना बाहेर पडण्याच्या दारापाशी गाडी चार्जिंगला लावून ठेवू नये.