आकडा मागचा, चिंता पुढची

सकल देशांतर्गत उत्पादनाचा तिमाही आकडा तिमाही संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी प्रसिद्ध होतो. २९ ऑगस्ट २०२५ रोजी एप्रिल-जूनची वाढ ७.८ टक्के जाहीर झाली. रिझर्व्ह बँकेचा अंदाज ६.५ टक्क्यांचा होता. व्यापाऱ्यांची नजर असते ती या तफावतीवर. अपेक्षित आकडा बाजारभावात आधीच मुरलेला असतो. अनपेक्षित आकड्यावरून व्याजदर व रुपया यांची पुढील दिशा ताडली जाते.

परंतु दोनच दिवस आधी अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील, त्यात कापडावरीलही, जादा आयातकर ५० टक्क्यांवर नेला होता. सुरतेनजीकच्या कडोदऱ्यातील कापड-प्रक्रिया गिरण्यांपुढे प्रश्न होता तो पुढच्या मागणीचा. जूनअखेरच्या हिशेबात त्याचे उत्तर कोठून सापडणार? शिवाय असंघटित क्षेत्रातील लहान मागांचे तिमाही उत्पादन बव्हंशी अनुमानानेच धरले जाते आणि मागाहून त्यात दुरुस्त्या होतात.

व्यापाऱ्याने हा आकडा जरूर वाचावा. मात्र उधारी वाढविण्यापूर्वी आपली मागणीवही उघडावी. सुरतेत पोटासाठी गेलेल्या खानदेशी कामगाराला देशाच्या टक्केवारीहून आपली पाळी टिकते की नाही, याचीच चिंता अधिक असते. ती चिंता राज्यकर्त्यांनीही वाचावी, असे आम्हांस वाटते.