मेर्सेन संख्या (घातांक ६७)

मेर्सेन संख्या (घातांक ६७) : २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी २१ अंकी संख्या. दशमान पद्धतीत ती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी, तर द्विमान पद्धतीत १ हा अंक ओळीने ६७ वेळा मांडून लिहितात.

घातांक विभाज्य असल्यास अशी संख्या विभाज्यच असते. परंतु घातांक अविभाज्य असल्यास ती अविभाज्य असेलच असे नाही. उदा., ११ या घातांकाची २,०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. फ्रेंच मठवासी व गणितज्ञ मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांच्या संख्या अविभाज्य असल्याचे १६४४ मध्ये प्रतिपादन केले, त्यांत ६७ हा होता. हे विधान खरे असते, तर या संख्येस २ च्या ६६ व्या घाताने गुणून एक परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, उदा., ६, २८) मिळाली असती. मेर्सेन यांच्या यादीत ६७ व २५७ हे चुकीने आले असून ६१, ८९ व १०७ हे राहून गेले होते.

एद्वार ल्यूका (१८४२–९१) यांनी १८७६ मध्ये ही संख्या विभाज्य असल्याचे सिद्ध केले. मात्र तिचा एकही अवयव त्यांना सांगता आला नाही. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. त्यांच्या कसोटीचे डी. एच्. लेमर (१९०५–९१) यांनी सुलभ केलेले रूप असे : ४ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावा, २ वजा करावे व दिलेल्या संख्येने भागून बाकी घ्यावी. ६५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य उरली, तरच ही संख्या अविभाज्य. बाकी शून्य उरत नाही. पण तीवरून अवयवही कळत नाहीत.

या संख्येचा कोणताही अविभाज्य अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने अधिक असतो आणि त्यास ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. एवढी चाळणी लावूनही लहान अवयवापर्यंत सु. ७.२३ लाख उमेदवार उरतात. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव मांडले. त्यांनी एकही शब्द न उच्चारता फळ्यावर गुणाकार करून दाखविला व या शोधास ‘तीन वर्षांचे रविवार’ लागले, ही हकीकत ई. टी. बेल यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितली. तीत रंग भरलेला असण्याचा संभव आहे. गुणाकार मात्र कोणासही कागदावर पडताळता येतो.

पडताळणे सोपे पण शोधणे कठीण, या विषमतेवरच १९७७ मध्ये निर्माण झालेली आरएसए ही सांकेतिक लेखनपद्धती आधारलेली आहे. कोल यांची संख्या आजचा संगणक क्षणार्धात फोडतो, त्यामुळे तीत ६०० हून अधिक अंकी संख्या वापरतात.