गाण्याच्या तबकडीवर चित्रे कशी आली?

घरात एखादी जुनी सीडी असेल तर ती दिव्याखाली तिरपी धरून पाहा. तिच्यावर इंद्रधनुष्याचे रंग दिसतील. तबकडीवर सूक्ष्म खळग्यांच्या रांगा असतात. दोन रांगांमधील अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक असते. रंग उमटतात ते या रांगांमुळे. अशाच खळग्यांच्या आधारे जपानमध्ये गाण्यांच्या धंद्यातला एक अधिकारी कार्टूनपटांचा निर्माता झाला. ते कसे, हे आज पाहू.

तोशिमिची ओत्सुकी हे ते गृहस्थ. टोकियोच्या किंग रेकॉर्ड्स या कंपनीत ते काम करीत. ही कंपनी १९३१ साली ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी सुरू झाली. मग गाणी विकणाऱ्यांनी चित्रांच्या वाटेला का जावे?

प्रथम थोडे गणित करू. सीडीवर ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजणीला १६ अंक (शून्य किंवा एक) लागतात, आणि डावा व उजवा असे दोन ध्वनी असतात. गुणाकार करा : सेकंदाला १४,११,२०० अंक. आता चित्र घ्या. ७२० × ४८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ अंक आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर सुमारे २५ कोटी अंक होतात. म्हणजे ध्वनीच्या जवळजवळ १७६ पट! ज्या सीडीत ७४ मिनिटे गाणी मावतात, तिच्यात अशी चित्रे मावतील फक्त २५ सेकंदांची.

ही अडचण लेसर डिस्कने निराळ्या रीतीने सोडविली. ही तबकडी १९७८ साली अमेरिकेत व १९८१ साली जपानमध्ये विक्रीस आली. आकार ३० सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या एलपी ध्वनिमुद्रिकेएवढाच. सीडीवरील खळगे ठरावीक नऊ लांबींचेच असतात. लेसर डिस्कवर मात्र चित्राच्या संकेताप्रमाणे खळग्यांची लांबी सलग बदलत जाते. चित्राचे अंकांत रूपांतर करावेच लागत नाही. तिच्या एका प्रकारात तबकडी मिनिटाला १,८०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ३० फेरे. जपानी दूरदर्शन पद्धतीत चित्रेही सेकंदाला सुमारे ३०. म्हणजे एक फेरा, एक चित्र! एका बाजूवर ५४,००० चित्रे, अर्थात अर्धा तास. हवे ते चित्र पडद्यावर स्थिर धरता येई. रेखाटने बारकाईने न्याहाळणाऱ्या रसिकांना आणखी काय हवे?

साचा करावयाचा, त्यावरून प्लॅस्टिकवर ठसे उमटवावयाचे, तबकडी पाकिटात घालून दुकानात पाठवावयाची, हे सारे काम ध्वनिमुद्रिकेच्या व्यवसायाला नवे नव्हते. माल बदलला, वाट तीच राहिली.

पण धोकाही होता. दूरदर्शनवर मालिका एकदा दाखवून तिचा खर्च सहसा भरून निघत नाही. तो पुढे तबकड्या, गाणी, खेळणी यांच्या विक्रीतून काढावा लागतो. म्हणून जपानमध्ये अनेक कंपन्या मिळून मंडळ करतात व पैसा आणि धोका दोन्ही वाटून घेतात. तबकडी विकणाऱ्याला अशा मंडळात साहजिकच महत्त्व येते.

गायनॅक्स या चित्रसंस्थेचे एक संस्थापक यासुहिरो ताकेदा यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की ओत्सुकींनी दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांना, कथा ठरलेली नसतानाच, काहीही घेऊन या, प्रसारणाची वेळ मी मिळवून देतो, असे आश्वासन दिले. त्यातून ‘निऑन जेनेसिस इव्हॅन्गेलिअन’ ही २६ भागांची मालिका जन्मली. ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात ती टीव्ही टोकियोवर दाखविली गेली. शीर्षकगीत योको ताकाहाशी यांनी गायिले व त्याची तबकडी किंग रेकॉर्ड्सनेच काढली. शेवटच्या दोन भागांवरून प्रेक्षकांत मोठा वाद झाला. तरीही चित्रांच्या तबकड्यांचा खप प्रचंड झाला. डाव साधला. पण फसला असता, तर त्याचे कारण खळग्यांत खचित सापडले नसते. तबकडी चित्र घरी पोचवू शकते. ते कोणाला आवडेल, हे सांगू शकत नाही. तो अंदाज माणसालाच बांधावा लागतो.

पुढे १९९६ साली डीव्हीडी आली. तिच्यात रांगांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटरवर आणले, आणि चित्रांतील पुनरुक्ती गाळून अंकही कमी केले. आज तर बरीच चित्रे तबकडीवाचूनच, इंटरनेटवरून घरी येतात. तेव्हा जुन्या तबकड्या टाकून देण्यापूर्वी एक प्रयोग करा. एक सीडी व एक डीव्हीडी एकाच दिव्याखाली शेजारी शेजारी धरा. कोणत्या तबकडीवर रंग अधिक फाकलेले दिसतात? का? उत्तर वर दिलेल्या दोन अंतरांत दडले आहे. ते आपल्या शिक्षकांबरोबर शोधून काढा.